वाचकांचे प्रश्न : कोणता शक, कोणतं साल?

या वेळी खानदेशातून आलेली पत्रं जवळजवळ सगळी इतिहासाची आहेत. एका पत्रात अहिराणीत एकच ओळ आहे, "आमना गावना इतिहास शे का?" (आमच्या गावाला इतिहास आहे का?) बाकीच्या प्रश्नांच्या मुळाशीही हीच शंका दिसते. देशाचा इतिहास म्हणजे पाटलीपुत्र, दिल्ली, पुणे, मुंबई, आणि तापी-गिरणेच्या काठचं आपलं गाव त्यात बसत नाही, असं पुष्कळांना वाटतं. गाव बसतं. फक्त काळ नीट मोजावा लागतो. म्हणून या उत्तरांत सनावळीवर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. लोक तिथली माती घरं सारवायला आणि शेतात टाकायला नेतात. खणताना खापरं निघतात. ती किती जुनी हे घरच्या घरी ओळखता येतं का? (शहादा तालुका)

शब्दातच अर्धं उत्तर आहे. 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जमीन. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचली की जमीन पांढुरकी होते. तुमचं टेकाड म्हणजे एकावर एक बसलेली गावंच आहेत.

स्वतः खणू नका. माती नेऊन जिथे आधीच उभी कड पडली आहे तिथे ती वाचा. राखेचा पट्टा, चोपलेली तांबूस जमीन, कोळशाची काळी रेघ यांतून एकेक थर कळतो. ज्या थरातून खापर सुटलं त्याची वरून खोली टेपनं मोजा. कागदावर गाव, गट नंबर, खोली आणि तारीख लिहून तो कागद त्या खापराबरोबरच पिशवीत ठेवा. सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. सगळी खापरं एका गोणीत भरली की त्यांचा काळ सांगणारी एकमेव गोष्ट, म्हणजे त्यांची जागा, कायमची जाते. धुताना ब्रश किंवा साबण वापरू नका, रंग निघतो. साध्या पाण्यात बोटांनी धुवून सावलीत वाळवा.

ढोबळ ओळख अशी. लाल अंगावर काळ्या रंगाची नक्षी, पातळ, टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज, हे ताम्रपाषाण काळातलं (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरात होती त्या काळातलं) जोर्वे पद्धतीचं भांडं असू शकतं. आतून आणि काठाला काळं, खाली लाल, असं भांडं मात्र बरंच लांब चालत आलेलं असल्यानं एकट्या त्याच्यावर काळ ठरवू नये. काळं, आरशासारखं गुळगुळीत, पातळ खापर मिळालं तर ते जपा. गंगेच्या खोऱ्यात बुद्ध-मौर्य काळात जी उत्तरेची काळी चकचकीत भांडी होती, त्यांची खापरं तापीवर प्रकाशे आणि गिरणेवर बहाळ इथल्या उत्खननांत निघाली आहेत. मगधाचा धागा खानदेशापर्यंत येत होता, याचा याहून साधा पुरावा दुसरा नाही. काचेसारखा हिरवा-निळा मुलामा असलेलं खापर मात्र बहुधा मध्ययुगातलं. विटांचंही तसंच: सातवाहन काळातली वीट ४० सेंमीच्या आसपास लांब आणि जड, तर मराठेशाहीतली बारीक आणि पातळ.

खापराला सहसा कायद्याची अडचण येत नाही, पण नाणी किंवा दागिने निघाले तर येते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : शाळेच्या व्हरांड्यात भारताचा इतिहास प्राचीन काळापासून प्रजासत्ताकापर्यंत रंगवायचा आहे. भिंत सुमारे ८ मीटर मोकळी आहे. मागच्या वेळी काढलेला पट्टा शेवटी इतका दाटला की १८५७ नंतरचं लिहायला जागाच उरली नाही. (भडगाव तालुका)

पट्टा दाटला कारण जागा घटनांना वाटली, वर्षांना वाटली नाही. आधी प्रमाण ठरवा. १ सेंटिमीटर म्हणजे ५ वर्षं. इसवी सनपूर्व २००० पासून १९५० पर्यंत ७ मीटर ९० सेंमी लागतात. तुमची भिंत पुरते.

डोळ्यांच्या उंचीवर सुतळीला निळ लावून सरळ रेघ मारा. डाव्या टोकापासून दर २० सेंमीवर शतकाची खूण करा. इसवी सनाची सुरुवात ४ मीटरवर येईल. कुठल्याही इसवी सनाची जागा काढायची तर त्यात २००० मिळवून ५ नं भागा: १८१८ साठी ३८१८ भागिले ५, म्हणजे ७६३.६ सेंमी. इसवी सनपूर्व वर्ष असेल तर २००० मधून वजा करून भागा. इसवी सनात शून्य वर्ष नसल्यानं एका वर्षाचा फरक पडतो, पण तो भिंतीवर २ मिलिमीटर आहे, सोडून द्या. फळ्यावर गणित शिकवताना मात्र सोडू नका.

आता आपल्या भागाच्या खुणा भरा, म्हणजे पट्टा मुलांचा होईल. अगदी डावीकडे तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव पडलेली सावळदा संस्कृती. मग तुमच्या जवळच्या डोंगरातली पितळखोऱ्याची लेणी, इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली. तिथल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचं नाव कोरलेलं आहे. राजांच्या यादीत एका कारागिराचं नाव मुलांना नक्की वाचायला द्या. ६४१ सेंमीवर पाटण्याचा शिलालेख (त्याबद्दल पुढे). थाळनेर-बुऱ्हाणपूरचे फारुकी १३८२ पासून अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत, म्हणजे ४४ सेंमी. इंग्रजी अंमल १८१८ ते १९४७, म्हणजे जेमतेम २६ सेंमी. फारुकींनी खानदेशावर इंग्रजांपेक्षा ९० वर्षं जास्त राज्य केलं, तरी आपल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. पट्टा हे न बोलता दाखवतो. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० हा काळ अर्धा सेंमी भरतो.

दाटीवर उपाय म्हणजे शेवटच्या २६ सेंमीखाली दुसरा, मोठा केलेला पट्टा: १ वर्षाला २ सेंमी, एकूण २ मीटर ५८ सेंमी. दोन्ही पट्टे तिरक्या रेघांनी जोडा, म्हणजे हा त्याच तुकड्याचा मोठा केलेला भाग आहे हे समजेल. रंग बदलताना राजवट संपली तिथे एकदम रेघ ओढू नका. यादवांचा अंमल आणि दिल्लीची स्वारी यांसारख्या ठिकाणी रंग तिरका कापा.

आणखी एक सुचवावंसं वाटतं. चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. याच प्रमाणात तो आजच्या खुणेपासून ५० मीटरवर येईल. शाळेच्या फाटकाकडे तेवढं अंतर टेपनं मोजून एक दगड पुरा. लेखी इतिहास मानवाच्या वाटचालीत किती थोडा आहे, हे मुलांना चालत जाऊन कळेल.

प्रश्न : (१) पाटण्याच्या शिलालेखाचं साल कुठे १२०६ तर कुठे १२०७ वाचलं. खरं कोणतं? भास्कराचार्य तिथेच जन्मले ना? (चाळीसगाव) (२) घरात मोडी कागद आहे. जाणकारानं सालाच्या जागी "खमस सितैन मया व अलफ" आणि तारखेला "छ १५ रबिलाखर" असं वाचून दिलं. याचं इंग्रजी साल कसं काढायचं? (पारोळा)

दोन्ही प्रश्नांचं मर्म एकच आहे, म्हणून एकत्र घेतो.

आधी शालिवाहन शक. चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. सर्रास चूक होते ती दुसऱ्या भागात. पानिपत पौष शुद्ध ८ शके १६८२ ला झालं. सरसकट ७८ मिळवले तर १७६० येतं, पण पौष जानेवारीत गेला होता, म्हणून १७६१.

मग पडताळा. जुन्या लेखांत शकाबरोबर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असतं, आणि ते फार उपयोगी. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या नावापासूनचा क्रमांक. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. साठ नावांची यादी पंचांगात असते. शिवराज्याभिषेक शके १५९६ चा: १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाच्या नोंदीत 'आनंदनाम संवत्सर' आहेच. हे गणित नर्मदेच्या दक्षिणेचं. उत्तरेत संवत्सराची नावं वेगळ्या हिशेबानं चालतात, म्हणून नर्मदेपलीकडचा कागद असेल तर ते वापरू नका.

आता पाटणे. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असं म्हटलं आहे. ११२८ अधिक १२ म्हणजे ११४०, बाकी शून्य, म्हणजे क्षय. प्रभव त्याच्या पुढचा, शके ११२९. आकडा एक सांगतो, संवत्सर दुसरं. अशा वेळी आकडा एकटा पडतो. संवत्सराचं नाव आणि ग्रहण दोन्ही १२०७ च्या ऑगस्टशी जुळतात, म्हणून १२०७ धरावं. नुसते ७८ मिळवणाऱ्यांनी १२०६ लिहिलं. दोघांनी लबाडी केलेली नाही, एकानं पडताळा केला नाही एवढंच.

जन्माबद्दल मात्र सावध राहायला हवं. शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू, यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. भास्कराचार्य इथे जन्मले असं लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पण जे म्हटलं आहे तेही थोडं नाही. गणित शिकवण्यासाठी खास मठ, आणि त्याच्या खर्चासाठी बाजारातला कर! दानाचा तपशील चक्क जुन्या मराठीत आहे: "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. ज्ञानेश्वरीच्या ८० हून अधिक वर्षं आधीची मराठी तुमच्या तालुक्यात दगडावर आहे. जन्मस्थानाचा वाद घालण्यापेक्षा ती ओळ मुलांकडून पाठ करून घ्या.

स्वतः भास्कराचार्यांनी जन्मवर्ष शब्दांत दिलं आहे: रस-गुण-पूर्ण-मही. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. वाचायचं उलट्या क्रमानं, एककापासून: १०३६. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४. डावीकडून वाचणाऱ्याला ६३०१ मिळतं आणि तो हैराण होतो.

पारोळ्याच्या वाचकांनी हा क्रम लक्षात ठेवावा, कारण तुमच्या मोडी कागदातलं अरबी सालही एककापासूनच सुरू होतं. खमस ५, सितैन ६०, मया १००, अलफ १०००: एकूण ११६५. हा शुहूर सन, ज्याला मृगसाल म्हणतात. तो मृग नक्षत्र लागलं की बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बाकीचे शब्द असे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, सीत ६, सब्बा ७, समान ८, तिस्सा ९, अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सबैन ७०, समानीन ८०, तिस्सैन ९०, मयातैन २००. सीत आणि सितैन, समान आणि समानीन, सब्बा आणि सबैन या जोड्यांत घाईनं वाचणारे हमखास चुकतात. एका काना-मात्रेनं कागद ५०-७० वर्षं पुढेमागे जातो.

'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. इथे एक गुंता आहे. साल सौर आणि महिना चांद्र, म्हणून रबिलाखर दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि तो कोणत्या ऋतूत येतो हे त्या त्या वर्षी पाहावं लागतं. तुमच्या कागदाच्या वर्षी हिजरी ११७८ हे १ जुलै १७६४ ला सुरू झालं. रबिलाखर हा चौथा महिना, त्याची १५ तारीख म्हणजे ऑक्टोबर १७६४ च्या मध्यावर. ५९९ मिळवूनही १७६४ च येतं. पानिपतानंतरचा, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला कागद आहे.

दुसरे सन भेटले तर: दख्खनी फसलीत (महसुलाच्या सालात) ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. राज्याभिषेक शकात १६७३, आणि जानेवारी ते ज्येष्ठ शुद्ध द्वादशी १६७४. नुसता हिजरी असेल तर त्यातून शेकडा ३ वजा करून ६२२ मिळवा. असीरगड पडल्याचं १००९ घ्या: वजा ३०, ९७९, अधिक ६२२, १६०१. हा अंदाज आहे, एखाद्या वर्षाचा फरक राहतो. नंदुरबारकडच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो आणि तो दिवाळीच्या पाडव्याला बदलतो: ५७ वजा करा, जानेवारीपासून ५६. म्हणूनच १५ ऑगस्ट १९४७ ला त्या वहीत संवत २००३ होतं, उत्तरेच्या पंचांगात २००४ आणि आपल्या पंचांगात शके १८६९. तिन्ही बरोबर.

कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, इस्त्री तर मुळीच नको. घड्या हातानं हलक्या उघडून, न रंगवलेल्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंचावर ठेवा. सावलीतल्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागदावर क्रमांक टाकायचाच तर कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं. वाचनाबद्दल शंका असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते वि. का. राजवाडे शेवटी धुळ्यातच राहिले आणि १९२६ मध्ये तिथेच वारले. मंडळ पुढच्याच वर्षी उभं राहिलं.

प्रश्न : खानदेश हे नाव खानावरून की कान्हावरून? (अमळनेर)

फारुकींच्या 'खान' या पदवीवरून, ही सर्वसाधारण मान्य व्युत्पत्ती. कान्हदेश ही दुसरी, लोकांना प्रिय. नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून निकाल लावू नये. ज्या नावाचा तारीख असलेला उल्लेख आधीचा, त्याचं वजन जास्त. फारुकींच्या आधीच्या लेखांत याच पट्ट्याच्या भागांना सेउणदेश असंही नाव येतं, आणि अकबरानं तर शाहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' करून पाहिलं. ते टिकलं नाही.

प्रश्न : १८५७ च्या धड्यात मेरठ, कानपूर, झाशी येतात. सातपुड्यातल्या खाज्या नाईकांचं काय? जुन्या गॅझेटियरात त्यांना दरोडेखोर म्हटलंय, मग विद्यार्थ्यांना काय सांगू? (शिरपूर)

खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याच्या राखणीला होते. तो रस्ता म्हणजे मुंबई आणि माळवा यांच्यातली डाक, तोफा आणि खजिना यांची वाट. ती अडवणं हे कानपुराइतकंच वर्मी होतं, नकाशावर बोट ठेवलं की पटतं. बंडात त्यांच्याबरोबर भीमा नाईक होते. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली.

खानदेशाचं गॅझेटियर १८८० चं, सरकारनं सरकारी कामासाठी लिहिलेलं. ते फेकून देऊ नका, पण वाचताना पान तीन रकान्यांत उतरवा. पहिल्यात घटना: तारीख, जागा, संख्या. दुसऱ्यात विशेषणं: दरोडेखोर, रानटी, बंडखोर. तिसऱ्यात जे सांगितलेलं नाही ते: रोजगार का गेला, जंगलाचा हक्क कोणी काढला, शिक्षा कोणाला झाली. पहिला रकाना बहुतेक भरवशाचा असतो. दुसऱ्यावरून लिहिणारा कळतो. तिसरा विद्यार्थ्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून आणि गाण्यांतून भरायचा. १८२५ मध्ये याच भागात धरणगावला भिल्ल पलटण उभारली होती, हे शेजारी लिहा. म्हणजे एकाच समाजातली माणसं दोन्ही बाजूंना का दिसतात, हा प्रश्न मुलं आपण होऊन विचारतील.

प्रश्न : आजोबा १९४२ च्या चळवळीत होते. कागद शोधताना प्रत्येक ठिकाणी "हा आमचा जिल्हा नव्हे" असं ऐकावं लागतं. नेमकं कुठे बघायचं? आणि शिरीषकुमार १५ वर्षांचे की १६? (नंदुरबार)

गाव जागेवर असतं, जिल्हा सरकतो. १८१८ नंतर एकच खानदेश जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळे. १८६९ ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण तिकडे गेले. १९०६ ला पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन भाग झाले. हीच नावं स्वातंत्र्याच्या वेळी होती आणि महाराष्ट्र स्थापनेपर्यंत राहिली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणून आजोबांच्या १९४२ च्या कागदावर जिल्हा 'पश्चिम खानदेश' आणि प्रांत 'मुंबई इलाखा' असणार. अर्जात तीच नावं लिहा, कंसात आजची द्या. 'जिल्हा नंदुरबार, १९४२' असं लिहिलं की शोधणारा चुकीच्या कपाटाकडे जातो.

आडनावाचं लेखनही दोन-तीन प्रकारे द्या. त्या काळच्या तुरुंगाच्या नोंदी इंग्रजीत, कानावर पडेल तशा लिहिलेल्या आहेत. वडिलांचं नाव आणि गाव दिलं की एकाच नावाची दोन माणसं वेगळी करता येतात. घटनेची तारीख जमेल तितकी नेमकी द्या: नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२, चिमठाण्याची खजिन्याची लूट १९४४. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला (२७-२८ डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन) स्वयंसेवक असतील तर तो शोध पूर्व खानदेशात करा.

नंदुरबारच्या त्या गोळीबारात हुतात्मा झालेले शिरीषकुमार मेहता २८ डिसेंबर १९२६ चे. ९ सप्टेंबर १९४२ ला त्यांना १५ पूर्ण होऊन सोळावं चालू होतं. शिलालेखांत गत वर्ष आणि वर्तमान वर्ष असा जो भेद करतात, तोच हा. स्मरणिकेत छापताना "वय १५ पूर्ण" असं लिहा, आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर पडलेल्या लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम यांची नावंही त्याच ओळीत, त्याच आकाराच्या टाइपात छापा.